आपलं आपण बाहेर

इंग्रज माणूस स्वभावानं फार एकटा असला पाहिजे, असं माझं जुनं मत आहे. पुरावा त्याच्या भाषेतच सापडतो. तो दमला, तर कामानं दमत नाही, स्वतःच स्वतःला दमवून टाकतो: टायर्ड हिमसेल्फ आउट. रडला, तर स्वतःला रडून रिकामा करतो: क्राइड हिमसेल्फ आउट. किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं, तर त्याचाही ठपका स्वतःवरच: लॉक्ड हिमसेल्फ आउट. आमच्यात अशा वेळी 'दार लागलं' म्हणायचं, की भागलं. आणि कहर म्हणजे, कुणाकडं पाहुणा गेला आणि निघायला उठला, तर घरवाला खुर्चीत बसूनच सांगू शकतो, सी युवरसेल्फ आउट. म्हणजे तुझा तू दार गाठ. आमच्या कोल्हापूर भागात असं कुणी पाव्हण्याला म्हटलं, तर त्या घरात पुढं कुणी मुलगी देणार नाही.

क्रियापद, मग मायसेल्फ नाहीतर हिमसेल्फ, आणि शेवटाला आउट. हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण ही जोडणी मी कधी नीट शिकवली नाही. परीक्षेला यायची नाही, म्हणून पोरं विचारायची नाहीत, आणि पोरं विचारायची नाहीत म्हणून मी गप्प. निवृत्त झाल्यावर मात्र तिच्या मागंच लागलो. दोनशे पानी वही आणली आणि सापडेल ते वाक्य तिच्यात उतरवायला लागलो. बायको म्हणाली, "पेन्शनीत माणसं देवधर्म करत्यात, तुमचं काय वो ह्ये?" तिचं माहेर राधानगरीकडचं. तिकडं पावसाच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळं तिचं कुजबुजणंही दोन घरं पलीकडं ऐकू जातं.

आमचं गाव गडमुडशिंगीच्या अलीकडं, आता निम्मं शहरात शिरलेलं. सकाळी दुधाची पाळी आटोपली, की माझ्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. फी नाही. येताना कुणी वांगी आणतं, कुणी मक्याची कणसं, कुणी नुसतीच जांभई. दहा-बारा जण असतात, पण इथं त्यातले दोघंच लक्षात ठेवायचे.

एक, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. हा माझाच जुना विद्यार्थी. आठवीत असताना मी त्याला बाकावर इतक्या वेळा उभं केलंय, की तो पुढं उंच झाला त्याचं श्रेय मी घेतो. पशुखाद्यवाल्यांच्या बैठका हल्ली इंग्रजीतून चालतात, तिथं मान डोलवून डोलवून मान दुखायला लागली म्हणून तो वर्गाला आला.

दुसरा, एक म्हशीवाला. चाळिशी उलटलेला, सहा म्हशी, सातवीत शाळा सोडलेली. जनावरांच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आपलं आपल्याला वाचता यावं, एवढीच त्याची इच्छा. तो शेवटच्या रांगेत बसायचा आणि वहीत इतकं दाबून लिहायचा, की मागची तीन पानं उमटायची. एकदा मी प्रत्येकाला एक वाक्य बोलायला सांगितलं: तुम्हाला काय व्हायचंय? कुणी मिलियनर म्हणालं, कुणी यंग म्हणालं. म्हशीवाला उठला आणि म्हणाला, "आय वॉन्ट डायरेक्टर. डॉक्टर कम लेट. बफेलो डाय."

सगळे हसले, मग माना खाली घातल्या. त्याची सातवी म्हैस आदल्या वर्षी डॉक्टरची वाट बघत गेली होती, ते गावाला ठाऊक होतं. संस्थेचा डॉक्टर कधी येणार याचा काही नेम नसायचा. त्याला संचालक मंडळात जाऊन फक्त तेवढंच करायचं होतं, डॉक्टरचा वार ठरवून घ्यायचा. मागच्या दोन निवडणुकांत त्याचं नाव उमेदवारांच्या यादीत यायचं आणि ऐनवेळी गळायचं. मी त्याचं वाक्य फळ्यावर दुरुस्त करून लिहिलं. बाकी काही केलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी तो धडा घेतला. फळ्यावर लिहिलं, ही टॉक्ड हिमसेल्फ आउट ऑफ इट. चेअरमननं हात वर केला.

"सर, मानूस सोताच सोताला भाईर कसा काढील? त्यो काय ट्रॅक्टर हाय?"

वर्ग खिदळला. मी समजावलं: एखादी गोष्ट करायची त्याच्या मनात होती, पण त्यानं स्वतःशीच वाद घातला, स्वतःलाच पटवलं आणि नाद सोडला. मध्ये कुणी नाही. मेहुणा नाही, मामा नाही, पंच नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, तर आज ही कथा सांगायची वेळ आली नसती. पण शिक्षकाचं तोंड सुटलं, की घंटा होईपर्यंत मिटत नाही, आणि सोप्यात घंटा नव्हती. मी म्हणालो, "इथंच तर आपण मागं पडतो. आपला माणूस लग्नात रुसला, की त्याला काढायला चौघं लागतात. निवडणुकीत अर्ज भरला, की तो मागं घ्यायला गावानं त्याच्या दारात जायचं, हात जोडायचे. अरे, तुला तुझं डोकं नाही? तुझं तुला उतरता येत नाही? इंग्रज बघा. उठतो, जातो, सही करतो, घरी येतो. कुणी समजवायला जाणं म्हणजे त्याला अपमान वाटतो. ह्याला म्हणतात स्वाभिमान!"

टाळ्या पडल्या नाहीत, पण वर्ग भारावला असं मला वाटलं. चेअरमननं तर 'समजवायला जाणं म्हणजे अपमान' हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी मनात म्हटलं, वा, पोरगं सुधारलं.

आता माघारीचं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही. आमच्या दूध संस्थेची निवडणूक लागली, की अर्जांचा ढीग पडतो. त्यातल्या निम्म्यांना उभं राहायचंच नसतं. त्यांना अर्ज मागं घ्यायचा असतो. पण असातसा नाही. चेअरमन, एक-दोन वडीलधारी आणि कुणीतरी पाव्हणं-रावळं अशी मंडळी घरी आली पाहिजेत. चहा झाला पाहिजे. उमेदवारानं 'न्हाई, आता माघार न्हाईच' म्हणून मांडीवर थाप मारली पाहिजे. मग दुसरा चहा. मग चेअरमननं हात जोडायचे आणि उमेदवारानं उसासा टाकून म्हणायचं, 'तुमच्या शबुदाभाईर मी न्हाई.' मग नारळ, टॉवेल, आणि सही. दुसऱ्या दिवशी चावडीवर लोक म्हणतात, 'त्याला समजवायला चेअरमन गेलता.' या एका वाक्यासाठी सगळा खटाटोप. ज्याला समजवायला कुणी येत नाही, तो गावात असला काय आणि नसला काय.

मागच्या खेपेला समोरच्या घरातल्या माझ्या चुलतभावाला समजवायला सहाजण आले होते. सहा! त्याला दुधाच्या मशिनवरचा आकडा वाचता येत नाही, तो माझ्याकडनं वाचून घेतो. आणि मी, गावाच्या दोन पिढ्यांना एबीसीडी शिकवलेला माणूस, खिडकीतनं त्याच्या दारातल्या चपला मोजत बसलो होतो.

तर यंदाची निवडणूक लागली आणि धार काढता काढता बायको म्हणाली, म्हणजे तिच्या मते पुटपुटली, "सगळ्या गल्लीत आपलंच एक घर असं हाय, जितं कोण कवा समजवाय येत न्हाई."

शेजारची म्हातारी तिकडून 'व्हय की' म्हणाली.

मला राग आला. खरं सांगतो, वाईटही वाटलं. तीस वर्षांची नोकरी, पांढरे केस, पोस्टमननंही पत्ता विचारावा असा मान, आणि माझ्या दारात माघारीसाठी एक टोपी येऊ नये? धड्याला आठवडा झाला नव्हता, तरी मी त्याच दिवशी जाऊन अर्ज भरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करून दाखवायला सांगत असे. आता मीच करून दाखवला.

अर्ज भरला म्हणजे उभं राहायचं थोडंच होतं? माझी आखणी पक्की होती. ते येतील. मी पहिल्यांदा नाही म्हणेन. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून नाही म्हणेन. तिसऱ्यांदा बायकोकडं बघेन, ती मान हलवेल, आणि मी म्हणेन, "गावाचं हित असेल तर..." हे शेवटचं वाक्य मी आरशापुढं तीनदा म्हणून बघितलं. म्हशीवाल्यानंही अर्ज भरलाय, हे मला ठाऊक होतं. पण मी तर माघारच घेणार, मग त्याला माझा काय उपद्रव? असा विचार मी केला आणि त्यावर मिठाई खाल्ल्यासारखा खूश झालो.

माघारीला तीन दिवस होते. पहिल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून सोप्यात बसलो. बायकोनं चांगले कप काढले. दुपारपर्यंत मोटारसायकलचा आवाज आला, की मी पेपर उघडायचो, म्हणजे येणाऱ्याला मी कामात दिसेन. गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आला. लग्नाची पत्रिका द्यायला एकजण आला, तीही समोरच्या घरची निघाली. म्हशीवाला किटल्या घेऊन जाता-येता दिसला.

"सर, कुटं निघालायसा?"

"कुठं नाही. बसलोय."

"बसा की," तो म्हणाला आणि गेला. संध्याकाळी तो परतला तेव्हाही मी तिथंच होतो. तेव्हा त्यानं नुसता हात वर केला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास चेअरमन आला. एकटाच होता, तरी म्हटलं ठीक आहे, सुरुवात एकट्यानंच होते. मी पेपर उघडायला विसरलो आणि दारापर्यंत धावत गेलो. ये, बस, चहा टाक गं! पहिला चहा झाला. तो हवेवर बोलला, उसावर बोलला. दुसरा चहा आला. तेव्हा तो पुढं सरकला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सर, एक अडचन हाय. तुमच्याबिगर सुटायची न्हाई."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "बोल," मी म्हणालो आणि चेहऱ्यावर कठोरपणा आणला.

त्यानं पिशवीतनं वही काढली. "निवडणुकीच्या मॅडम हाईत न्हवं, त्या काल इंग्लिशमदी म्हटल्या, लेट इट वर्क इटसेल्फ आउट. म्हंजे नक्की काय करायचं?"

माझा कठोर चेहरा उतरला. पण शिकवायची खोड वाईट. तोंड आपोआप चालू झालं: म्हणजे प्रश्न आपला आपण सुटू द्या. मध्ये कुणी हात घालू नका. पेंढीची गाठ ओढली की आणखी आवळते, सोडली की सैल पडते, तसं.

"म्हंजे आपन काय बी करायचं न्हाई?"

"काही नाही."

"कुणाकडं जायाचं बी न्हाई?"

इथं मी जीभ चावायला हवी होती. "अजिबात नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. "तुमी हाईसा म्हणून बरं हाय सर," म्हणून तो उठला. मी त्याला पोचवायला दारापर्यंत गेलो. त्याला अजून संधी द्यावी म्हणून फाटकापर्यंत गेलो. तिथं त्याच्या मुलाच्या मार्कांवर बोलणं झालं. मग पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. गाडी ढकलत तो माझ्याबरोबर चालत होता, कारण सर चालत असताना गाडीवर कसं बसायचं? टाकीपाशी मीच न राहवून म्हणालो, "बाकी, निवडणुकीचं काय?"

"जागा अकरा, अर्ज ऱ्हायल्यात बारा. एकच गडी जादा हाय. त्यो उतरला की बिनविरोध."

"मग? कुणी उतरायचं?"

"त्ये ज्याचं त्यानं बघायचं," तो आदरानं म्हणाला. "तुमीच शिकिवलंय की. तुमच्यासारक्याला समजवाय येनं म्हंजे तुमचा अपमान. माजी न्हाई बाबा तेवडी छाती." आणि त्यानं मला वाकून नमस्कार केला, गाडीला किक मारली आणि गेला.

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग पदर पुरेना, म्हणून ती गोठ्यात जाऊन हसली. म्हैससुद्धा बिथरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत. बारा वाजले, एक वाजला. जेवण गेलं नाही. बायको ताट उचलताना म्हणाली, "मीच समजवू का? घरात नारळ हाय. अवो सर, घ्या की माघार, गावाच्या वतीनं हात जोडतो."

"तू गप्प बस," मी ओरडलो. ती गप्प बसली, पण तिचे खांदे हलत होते.

सव्वादोनला मी माघारीचा अर्ज लिहिला. इंग्रजासारखा, आपला आपण. खिशात घातला आणि संस्थेकडं निघालो. वाटेत मी दोन्ही पार्ट केले. मनात मीच चेअरमन झालो आणि हात जोडले, मग मीच सर झालो आणि मांडीवर थाप मारली, आणि तिसऱ्या वेळी मीच मला म्हणालो, गावाचं हित असेल तर. समोरून येणारी दोन बायामाणसं रस्ता बदलून गेली.

संस्थेच्या आवारात गर्दी होती. पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून निवडणुकीच्या मॅडम बसल्या होत्या. पायऱ्यांवरून म्हशीवाला खाली उतरत होता. मला बघून तो थबकला आणि एकदम वाकून पायाला हात लावला.

"सर, झालं बगा. बिनविरोध."

"कोण?"

"तुमी की."

"आणि तू?"

"मी घेतला काडून," तो म्हणाला आणि हसला. "सर उबं ऱ्हायलेत म्हटल्यावर मी कशाला?"

मी त्याला बाजूला सारून टेबलाकडं धावलो. मॅडमना विचारलं, आत्ता ज्यानं माघार घेतली त्याचा अर्ज परत देता येईल का? त्या म्हणाल्या, सही झाली, नोंद झाली, माघार परत घेता येत नाही. घड्याळात तीनला बारा मिनिटं होती. माझा माघारीचा अर्ज माझ्याच खिशात होता. तो दिला असता, तर अकरावी जागा मोकळी राहिली असती, त्याला ती मिळाली नसतीच.

"तुमचं काय काम होतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून चेअरमननं माझ्या गळ्यात हार घातला. हलगी वाजायला लागली. गुलाल नाकात गेला आणि मला शिंका आल्या, तर त्याचाही कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत जुन्या विद्यार्थ्यांच्या स्टेटसवर मी लाल तोंडानं शिंकत होतो आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे सर, बिनविरोध'. आयुष्यात इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं. मी जिंकलो होतो, आणि मला कुठंतरी तोंड लपवून बसावंसं वाटत होतं.

बायकोनं दारात ओवाळलं. तोंड अगदी सरळ ठेवून. मग तबक खाली ठेवलं आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू आला. "त्या म्हशीवाल्याचं लई वाईट झालं वो. त्याला पायजे हुतं ते."

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी दिली आणि त्याच्या गोठ्यावर गेलो. तो म्हशींना वैरण टाकत होता. मला बसायला त्यानं पोतं झटकून दिलं. मी बसलो नाही. बसलो असतो, तर बोलणं जमलं नसतं.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "मला संचालक व्हायचं नव्हतं. मी अर्ज का भरला होता माहीत आहे?"

"ठाव हाय की," तो म्हणाला. पेंढी सोडायचं काम त्यानं थांबवलं नाही.

"काय ठाऊक आहे?"

"कोनतरी समजवाय येईल म्हणून." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, बहुतेक मला अवघड होऊ नये म्हणून. "जाता-येता बगत हुतो न्हवं मी. दोन दिस तुमी बसल्याला. समजवाय कोनच येईना. चेअरमनला म्हटलो, चला, सरांच्याकडं जाऊन येऊया. त्यो म्हटला, सरांचा अपमान हुतोय, सरांनी सोता सांगितलंय. मग म्हटलं, आता सर एकटंच माघार घ्याला आलं तर गाव काय म्हनंल? त्यापरीस आपन घ्यावा काडून."

एका म्हशीनं माझा सदरा हुंगला.

"मी राजीनामा देतो," मी म्हणालो. "मग तुझं नाव घ्यायला सांगतो त्यांना."

"राजीनामा द्याचा न्हाई," तो एकदम म्हणाला. एवढ्या जोरात तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. "डाक्टरचा वार ठरवा. मंगळवार केला तर बरं. माज्या म्हटल्यानं त्येनी ऐकलं नसतं, तुमचं ऐकतील."

"ठरवतो," मी म्हणालो. "पण लेका, तू माझ्याकडं यायचंस ना! माझं घर काय लांब आहे? येऊन एक शब्द बोलला असतास, सर, घ्या माघार, तर मी त्या पावली उठलो असतो. मला तरी दुसरं काय पाहिजे होतं?"

आता त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात एखादं सोपं उत्तर मला कसं येत नाही, असं वाटून बघावं तसं.

"आलो असतो की सर. दोनदा फाटकापतुर आलतो बी. पर मी म्हंजे कोन? म्हशीवाला. माज्यासारका समजवाय आला, तर त्यात तुमचा मान काय ऱ्हातोय?"

मी तोंड उघडलं. 'असं कसं म्हणतोस' म्हणणार होतो. मराठीत म्हणणार होतो, इंग्रजीतही म्हणता आलं असतं. पण त्याच्यासमोर खोटं बोलवेना. कारण तो आला असता, तर मी त्याला बसवलं असतं, चांगल्या कपातनं चहा दिला असता, आणि तो बोलत असताना त्याच्या डोक्यावरनं रस्त्याकडं बघत राहिलो असतो, मागनं आणखी कुणी येतंय का म्हणून.